देवापाशी असलेला माणूस

मठ, क्लूनबेग
४ मार्च १९६८

प्रिय एन्डा,

तुझ्या कादंबरीचे सातवे प्रकरण असत्य आहे आणि ते छापले जाऊ नये, एवढे सिद्ध करणे हा या पत्राचा हेतू आहे. उरलेल्या प्रकरणांविषयी जे म्हणायचे ते शेवटी, थोडक्यात म्हणेन.

छपाईपूर्वीची जी पाने तू लंडनहून पाठवलीस, ती मी दोनदा वाचली. रॉसकीम गावातल्या एका मुलाचे बालपण हा तुझा विषय. मुलाचे नाव तू बदलले आहेस, पण त्या नावाने आपल्या गावात कोणी फसणार नाही. सातव्या प्रकरणात त्याचा दहा वर्षांचा थोरला भाऊ मरतो. मुलगा पाच वर्षांचा. त्याला काही दिवस मामाकडे धाडतात. तो परत येतो तेव्हा भावाची खाट रिकामी असते, वडील बोलत नाहीत आणि आई चुलीकडे तोंड करून बसलेली असते. मुलगा काय ते समजतो, वाचणाराही समजतो. प्रकरण चांगले उतरले आहे, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे.

आता प्रमाणे पाहू. आपल्याकडे मृताला एकटे ठेवत नाहीत. घड्याळ थांबवतात, आरशावर कापड टाकतात, टेबलावर मातीच्या चिलमी आणि तंबाखूची थाळी मांडतात, आणि सारा गाव प्रेतापाशी जागतो. मी लहान असताना एक अनोळखी नॉर्वेजियन खलाशी बुडून किनाऱ्याला लागला होता. त्याच्या नावाचा उच्चारही कोणाला करता येत नव्हता, तरी त्याच्यासाठी गाव जागला. म्हणजे रॉसकीममध्ये जिथे मृत्यू, तिथे जागरण. याला अपवाद नाही. तुझ्या भावासाठी, कोलमनसाठी, जागरण झाले नाही. वाटेल त्याला विचारून पाहा. यावरून निष्कर्ष एकच निघतो: कोलमन त्या वर्षी मेला नाही.

दुसरे प्रमाण. गेल्या वर्षी तुझ्या वडिलांना खांदा द्यायला तू आला होतास. त्या थडग्यावर तुझ्या पणजोबांपासूनची नावे आहेत. कोलमनचे नाव वाचलेस का?

'कादंबरी ही कल्पनाच असते' असा पूर्वपक्ष तू मांडशील. परंतु पहिल्याच पानावर तुझा मुलगा म्हणतो की, जे घडले तेवढेच मी सांगतो. तेव्हा ती वाट तूच बंद केली आहेस.

उरलेल्या प्रकरणांविषयी. बाराव्यात बटाट्यांची जात चुकली आहे. तिसऱ्यात, भावाच्या खांद्यावर बसून मुलगा सील प्राणी पाहायला समुद्रात जातो, तो प्रसंगही गाळावास असे सुचवते. त्याची कारणे देत नाही.

तुझी आत्या,
सिस्टर अट्रॅक्टा


लंडन
११ मार्च १९६८

प्रिय आत्या,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी खोली बदलत होतो. (हो, पुन्हा. या घरमालकिणीचा कुत्रा माझ्यापेक्षा सभ्य होता आणि ते ती मला रोज सांगायची.) पत्र आधी ट्रंकेवर बसून वाचलं, मग बसमध्ये उभ्याने, मग शाळेत पोरांना निबंधाला बसवून. तेव्हापासून पायाला भिंगरी लागली आहे. काल संध्याकाळी नदीकाठाने चालत निघालो, तो कुठल्या पुलावर पोचलो तेही कळलं नाही.

तुमची प्रमाणं मला पटत नाहीत. जागरण मी पाहिलं नाही, कारण मी मामाकडे होतो. हे तर मीच लिहिलंय. थडग्यावर नाव नाही, तर आपल्याकडे किती लेकरांची नावं कोरली जातात? पाथरवटाला अक्षरामागे पैसे लागतात.

आता माझी प्रमाणं ऐका. संध्याकाळची जपमाळ संपली की आई तिला शेपूट जोडायची. बोस्टनच्या काकांसाठी एक प्रार्थना, लंगड्या गायीसाठी एक, पाऊस थांबावा म्हणून एक, आणि शेवटची 'आपल्या कोलमनसाठी'. ती आली की बाबा उठून बाहेर जायचे. दररोज. जिवंत पोरासाठी कोणी असं उठून जातं का?

आणि दुसरं, जे मी कादंबरीत घातलं नाही, कारण लिहिताना हात थांबला. मामाकडून परत आलो त्याच आठवड्यात मी विहिरीवर गेलो होतो. पलीकडच्या घरची सोरखा आणि तिची जाऊ पाणी भरत होत्या.

"थोरलं पोर म्हणजे दिने ले दिआ होतं गं, बिचारं," सोरखा म्हणाली.

"घर शांत झालं असेल आता."

"जळो ती शांतता. हळू बोल, धाकटं मागे उभंय. कान बघ त्याचे, गाढवाला लाजवतील."

दिने ले दिआ. देवापाशी असलेला माणूस. मी बादली तिथेच टाकून घरी पळालो आणि आईला विचारलं, "आपला कोलमन देवापाशी आहे?" ती कणीक मळत होती. पिठाच्या हातांनी तिने माझं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "आहे रे राजा. पहिल्यापासूनच आहे." त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

तुम्ही म्हणता तो मेला नाही. मग तो आहे कुठे? प्रकाशक महिनाअखेरीला पानं परत मागतोय. आणि सील गाळणार नाही. माझ्या सगळ्या बालपणातला तोच एक दिवस मला सलग, स्वच्छ आठवतो.

एन्डा


क्लूनबेग
१६ मार्च १९६८

प्रिय एन्डा,

तुझ्या चुकीचे मूळ सापडले. ते एका शब्दात आहे.

'दिने ले दिआ' याचा अर्थ, ज्याच्या बुद्धीची वाढ वयाबरोबर झाली नाही असा माणूस. अशाला आपले लोक वेडा म्हणत नाहीत. तो देवापाशीच राहिला, आपल्यात पुरता उतरलाच नाही, असे म्हणतात. सोरखाने मृत्यू सांगितला नव्हता. तिने कोलमनचा स्वभाव सांगितला. तुझी आईही खोटे बोलली नाही. 'पहिल्यापासूनच आहे' असे ती म्हणाली, तेव्हाच तुला कळायला हवे होते. पहिल्यापासून कोणी मेलेला नसतो. अर्थात पाच वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करता येत नाही. अडतिसाव्या वर्षी मात्र करता येते.

जपमाळेविषयी. त्याच शेपटात तुझ्या बोस्टनच्या काकांचे नाव होते. ते अजून पत्रे पाठवतात. मृतांसाठीच प्रार्थना करतात हे तुझे गृहीतक तुझ्याच उदाहरणाने कोसळते.

तो कुठे आहे, असे तू विचारतोस. त्या वर्षी तो मेला नाही, एवढेच माझे साध्य होते आणि ते सिद्ध झाले आहे. त्यापलीकडे मी काहीही प्रतिपादन केलेले नाही.

सिस्टर अट्रॅक्टा


लंडन
२० मार्च १९६८

आत्या,

'प्रतिपादन केलेले नाही.' आमच्या वर्गातला दांडगट टिमीसुद्धा असंच बोलतो. काच फुटलेली असते, दगड याच्या हातात असतो, आणि म्हणतो, "सर, मी फोडली असं मी म्हटलेलंच नाही."

मला एक शब्द हवाय. आहे, की नाही?

परवापासून धड बसलेलो नाही. खोलीत दोनच खुर्च्या आहेत. एकीवरून उठतो, दुसरीवर बसतो. तुमचं उत्तर या आठवड्यात आलं नाही तर रॉसकीमला जाऊन दारोदार विचारीन. सोरखा अजून आहे. तिला गुपित विचारावं लागत नाही, ते तिच्याकडून सांडतंच.

एन्डा


क्लूनबेग
२५ मार्च १९६८

प्रिय एन्डा,

आहे.

रॉसकीमहून दिवसभराच्या अंतरावर ब्रदर लोकांनी चालवलेला एक आश्रम आहे. तिथे तो १९३५ च्या शरदापासून राहतो. प्रकृती चांगली. कोंबड्या आणि हंस यांची देखभाल त्याच्याकडे आहे.

आता तुला हे का सांगितले नाही, ते सांगते, म्हणजे मी सील का गाळायला सांगितले तेही समजेल. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात मुलगा भावाच्या खांद्यावर बसून समुद्रात चालत जातो, पाणी भावाच्या छातीला लागते, सील माना वर काढून पाहतात, आणि प्रकरण तिथेच संपते. तो दिवस तिथे संपला नव्हता. पाणी त्याच्या हनुवटीला लागले तरी कोलमन पुढे जात राहिला, कारण सील पुढे जात होते. दोन कोळ्यांनी होडी वळवून तुम्हांला वर ओढले. तुला फेस आला होता. तुझ्या आईने ते किनाऱ्यावरून पाहिले. त्यापूर्वी त्याने गवताची गंजी पेटवली होती आणि शेजारच्यांचे वासरू कड्यावर नेले होते; दोन्ही वेळा प्रेमानेच. परंतु समुद्रानंतर तुझ्या वडिलांनी मला पत्र पाठवले. मी व्यवस्था केली. नेणारीही मीच होते. गावातल्या फेस्टीने घोडागाडी स्टेशनपर्यंत हाकली, पुढे आगगाडीने मी आणि कोलमन गेलो. तुझ्यामुळे भाऊ गेला असे तुला कधी वाटू नये, म्हणून घरात बोलायचे नाही असे ठरले. तू त्याला मेलेला समजतोस हे मात्र आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

तू त्याला भेटायला निघशील हे मी जाणते. जाऊ नयेस, याचे कारण देते. त्याला घरची काहीही आठवण उरलेली नाही. मी दर वर्षी ऑगस्टमध्ये जाते. समोर बसते. तुझ्या आईवडिलांची, घराची, गावातली बातमी सांगते. आईचे निधन मीच त्याला सांगितले, वडिलांचेही. तो भिंतीकडे पाहत राहतो. इतक्या वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, माझ्या नावालाही मान वळवलेली नाही. स्मृती असती तर एकदा तरी दिसली असती. ती कधीच दिसली नाही, म्हणून ती नाही. तुला तिथे भाऊ मिळणार नाही. एक अनोळखी मनुष्य मिळेल, आणि तू कादंबरीत लिहिलेला भाऊ मात्र गमावशील.

सिस्टर अट्रॅक्टा


आश्रमाजवळच्या खानावळीतून
१९ एप्रिल १९६८

प्रिय आत्या,

ईस्टरची सुट्टी लागली त्याच दिवशी निघालो. बोटीवर डेकवर इतक्या येरझारा घातल्या, की एका बाईने मला खलाशी समजून चहा कुठे मिळतो ते विचारलं.

सीलची ती हकिकत वाचून तीन आठवडे काय झालं ते लिहीत नाही. नुसतं एवढंच, की तुम्ही ते सांगितलंत हे बरं केलंत.

आश्रमात ब्रदर जारलथ म्हणून एक लठ्ठ, आनंदी गृहस्थ भेटले. मी म्हटलं, मी कोलमन मलकेरिनचा भाऊ.

"भाऊ! अहो, बसा बसा. नका बसू, त्या खुर्चीचा पाय मोडलाय. त्याला भाऊ आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. पण तुमची निराशा होईल हो. तो बोलत नाही. म्हणजे पुटपुटतो काहीतरी सारखा, आम्ही त्याला हंसांची भाषा म्हणतो."

हंसांच्या आवारात पाठमोरा उभा होता. बाबांसारखेच खांदे, एक वर, एक खाली. मी आपल्या आयरिश भाषेत म्हटलं, "देव तुझ्यासोबत."

मान न वळवता उत्तर आलं, "देव आणि मेरी तुझ्यासोबत." गावात कोणीही देईल तसं. मग, "कोण रे?"

"एन्डा."

तो वळला. बराच वेळ पाहिलं. "एन्डा एवढा आहे," आणि हात गुडघ्याशी धरला.

"वाढलो मी."

"कशाला?"

मी म्हटलं, "मला कोणी थांबवलं नाही." ते त्याला पटलं असावं. माझ्याभोवती एक फेरी मारली, टोपी काढून पाहिली आणि म्हणाला, "कान तेच आहेत. आता ते तुझ्या मापाचे झाले." मग बंदुकीच्या फैरीसारखे प्रश्न सुटले. लंगडी ब्राडी व्याली का? सोरखाचं कुत्रं मेलं का? मेलं असेल तर बरं झालं, ते चावायचं. आणि हळूच, "पाणी थंड होतं. तू हसत होतास." मी म्हटलं, "हो, हसत होतो."

ब्रदर जारलथ कुंपणाला टेकून ऐकत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे ती भाषा होती होय?" ते म्हणाले. "माझी आजी बोलायची म्हणतात. आमच्याकडे ती संपली. अरे देवा, तो आमच्याशी इतकी वर्षं बोलत होता की काय?"

आत्या, त्याला घरी न्यायचंय. रॉसकीमचं घर बंद पडलंय, पण छप्पर शाबूत आहे. मी शाळेला राजीनामा कळवला आहे. बाबा गेल्यावर कोलमनची पालक म्हणून तुमचं नाव आहे, तुमच्या सहीशिवाय ते त्याला फाटकाबाहेरही सोडू शकत नाहीत. सही पाठवा. तो तुमच्याशी बोलत नाही, ते बहुधा तुम्ही ब्रदर लोकांसमोर इंग्रजी बोलत असाल म्हणून असेल. दुसरं काही नाही.

एन्डा


क्लूनबेग
२३ एप्रिल १९६८

प्रिय एन्डा,

तुझे पत्र मी काळजीपूर्वक तपासले. तू सांगतोस ते संभाषण मी खरे मानते. ब्राडीचे नाव आश्रमात कोणी त्याला पढवू शकत नाही. तेव्हा त्याला स्मृती आहे, हे विधान मी तूर्त स्वीकारते.

परंतु त्यामुळे एक नवी अडचण उभी राहते. ज्याला स्मृती आहे आणि वाचा आहे, तो माझ्याशी इतकी वर्षे का बोलला नाही? तू भाषेचे कारण दिलेस. ते टिकत नाही. मी त्याच्याशी सदैव आयरिशमध्येच बोलत आले. ब्रदर जारलथना विचार, त्यांना आम्हां दोघांचीही बोली हंसांची वाटली असेल. माझा चेहरा बदलला म्हणावे, तर तुझा अधिक बदलला आहे. मग उरलेले कारण कोणते?

तुला ते ठाऊक आहे. हंसांवर दोन पाने लिहिणारा तू, आत्याविषयी तो काय म्हणाला यावर एक ओळ लिहितोस, आणि तिच्यातही 'बहुधा' घालतोस. 'दुसरं काही नाही' असे कोणी न विचारता सांगितले, म्हणजे दुसरे काही आहे. माझ्या वर्गात मी हे तीस वर्षे पाहिले.

दुसरा आक्षेप स्वतंत्र आहे. तू कुठल्याही खोलीत दोन हिवाळे काढलेले नाहीस. शाळा बदलल्यास, शहरे बदललीस, एक मुलगी चर्चच्या दारापर्यंत नेऊन सोडलीस. कोलमनला घरी आणशील आणि एका वसंतात तुझे पाय शिवशिवू लागतील. तेव्हा त्याचे काय? आश्रमात त्याला रोजचा दिवस आहे, हंस आहेत. तू त्याला काय देणार, तेही जरा लिही.

पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळेपर्यंत मी सही करणार नाही. माझ्यावर दया करून उत्तर देऊ नकोस. दया हे प्रमाण नव्हे.

सिस्टर अट्रॅक्टा


रॉसकीम
२७ एप्रिल १९६८

प्रिय आत्या,

घर उघडलंय. धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलं होतं. ते काढलं तर चूल पेटली, न काढलं असतं तर कावळे खूश राहिले असते. सोरखा दारातून आत डोकावून म्हणाली, "आलास का? किती दिवस? चुलीत जाळायचा पीट किती आणू, आठवड्याचा की हिवाळ्याचा?" मी म्हटलं हिवाळ्याचा. तिचा विश्वास बसला नाही. तुमचाही बसू नये. माझाही पुरता नाही. तुमच्या दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, आत्या. पीट भरून ठेवलाय, एवढंच सांगतो.

कादंबरीतला मृत्यू मी काढून टाकला. प्रकाशक फोनवर जवळपास रडला. आता सातव्या प्रकरणात मुलगा विहिरीवर तो शब्द ऐकतो, आईला विचारतो, आणि आई उत्तर देते. पुढे मी काही लिहिलेलं नाही.

पहिला प्रश्न. मला तो टाळायचा होता. तुम्ही टाळू देत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

निघताना मी कोलमनला विचारलं, "आत्या येते तेव्हा तिच्याशी का नाही बोलत?"

त्याने माझा हात धरून मला कोंबड्यांच्या खोपटामागे नेलं. दोन्ही बाजूंना पाहिलं.

"ती बाहेर उभी आहे का?"

"नाही रे."

"गाडी?"

"गाडीही नाही. मी बसने आलो."

तेव्हा कुठे तो माझ्या कानाशी बोलला. "काळी बाई आली की गप्प बसायचं. त्या दिवशी मी लई रडलो. आईला हाका मारल्या. रडलो म्हणून नेलं. आता ती आली की मी भिंतीकडे बघतो. श्वास हळू घेतो. मग ती जाते."

"ती तुला न्यायला येत नाही, कोलमन. ती बातम्या सांगायला येते."

"ऐकतो मी. आई गेली. बाबा गेले. ऐकतो. पण हलत नाही." मग चेहरा उजळला, मोठ्या भावाने धाकट्याला शहाणपण शिकवावं तसा. "तूही तसंच कर. दर वेळी जाते. एकदाही चुकलं नाही."

मी त्याला पटवायचा प्रयत्न केला. तुम्ही किती लांबून येता, दोन गाड्या बदलून, गुडघे दुखत असताना, तेही सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "हो, पण जाते ना?"

तुम्ही मागितलंत म्हणून लिहिलं. नाही तर हे मी माझ्याबरोबर नेलं असतं.

तुमचा,
एन्डा


क्लूनबेग
६ मे १९६८

प्रिय एन्डा,

उत्तराला उशीर झाला. मी दोन मसुदे लिहिले आणि दोन्ही फाडले. बागेच्या भिंतीला लागून फेऱ्या घालताना पाहून आमच्या मदरनी मला डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांना काही सापडले नाही.

तुझे पत्र पूर्ण आहे. ते लिहिलेस याबद्दल आभार.

कोलमनचे अनुमान मी तपासले. एकदा तो रडला आणि त्याला नेण्यात आले. त्यानंतर दर वेळी तो गप्प राहिला आणि दर वेळी मी निघून गेले. विरुद्ध उदाहरण त्याला एकही मिळाले नाही, कारण ते मी कधी दिले नाही. त्याच्यापुढे जी प्रमाणे होती त्यांवरून दुसरा निष्कर्ष काढणे कोणालाही कठीण गेले असते. माझ्या विद्यार्थिनींपैकी फार थोड्यांनी इतके सातत्य दाखवले.

एका तरुण सिस्टरने सुचवले की, आता आम्हांला काळ्या झग्याऐवजी करडा, आखूड पोशाख घेण्याची मुभा आहे, तो घालून मी त्याच्यापुढे जावे. तो ओळखणार नाही आणि कदाचित बोलेल. मी नकार दिला. तो माझ्याशी बोलला असे होणार नाही. तो माझ्या पोशाखाने फसला असे होईल. यंदाच्या ऑगस्टमध्ये मी आश्रमातही जाणार नाही आणि रॉसकीमलाही येणार नाही. पुढे कधी यावे की नाही, हे त्याने ठरवायचे. त्याला विचारताना माझी बाजू मांडू नकोस.

संमतीपत्र सोबत आहे. त्यावर मी सही केली आहे, मठाचा शिक्का घेतला आहे. ब्रदर जारलथना वेगळे कळवले आहे की, कोलमनला त्याच्या हंसांपैकी एक जोडी बरोबर न्यायची असल्यास तिची किंमत मी देईन. तुझ्या स्वभावाविषयीचा माझा आक्षेप कायम आहे. तो तू पीट भरून खोडलेला नाहीस. तो खोडायला तुला पुष्कळ हिवाळे लागतील. ते काढ.

सातव्या प्रकरणाविषयीचे माझे म्हणणे सिद्ध झाले होते आणि ते मी मागे घेत नाही. जी एक गोष्ट मागे घ्यायची आहे, ती खाली स्वतंत्र लिहून सही करते, म्हणजे तिच्याविषयी कोणाला शंका राहू नये.

मी असे प्रतिपादन केले होते की, कोलमन माझ्यापुढे गप्प राहतो, म्हणून त्याला काही आठवत नाही. मौनावरून विस्मृती सिद्ध होत नाही. ते अनुमान चुकीचे होते, आणि ती चूक सर्वस्वी माझी आहे. तो मला एक दिवसही विसरला नव्हता.

नोरा मलकेरिन
(सिस्टर अट्रॅक्टा)